माशातली चरबी आणि घरातली वाटणी
(भीमाकाठच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मी माळकरी माणूस. मासळी खात नाही. तेव्हा गुरुजी आज माशावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण तुमचे पोट उजनीच्या पाण्यावर आहे. हे धरण १९८० साली पुरे झाले. रोहू, कतला, मरळ, चिलापी तुमच्या जाळ्यात येतात. जे आपण धरतो त्यात काय आहे, हे ठाऊक असावे, नाही का?

माशात चरबी असते, पण थोडी. रोहूच्या १०० ग्रॅम मांसात ती साधारण १ ते ३ ग्रॅम भरते. पावसाळ्यात रोहू अंडी घालतो. अंडी तयार होताना अंगातली चरबी खर्च होते. म्हणून ती ऋतूप्रमाणे कमीजास्त होते.

आता, सगळी चरबी एकसारखी नसते बरं का. थंडीच्या सकाळी तूप थिजते. जवसाचे तेल थिजत नाही. चरबी ज्यांची बनते त्यांना मेदाम्ले म्हणतात. त्यांत काही थिजणारी, काही पातळ राहणारी. बर्फासारख्या पाण्यातल्या माशाची चरबी थिजून कसे चालेल? म्हणून त्याच्यात पातळ जात जास्त. आपले पाणी उबदार. आपल्या माशांत ती त्या मानाने कमी, पण असते.

या पातळ जातीतच ओमेगा-३ नावाची मेदाम्ले येतात. मूळ ती पाण्यातले शेवाळ तयार करते. शेवाळ किडे खातात, किडे मासे खातात. बाळाचा मेंदू आणि डोळे घडायला ती लागतात. पोटातल्या बाळाला ती आईच्या रक्तातून मिळतात, अंगावर पिणाऱ्याला दुधातून.

परवा मी एका घरी गेलो होतो. कालवण झाले होते. आधी पुरुष जेवले, मग मुले. सुनेला सातवा महिना. ती शेवटी बसली. तिच्या ताटात नुसता रस्सा. मी विचारले, "सूनबाई, तुकडा कुठाय?" ती हसून म्हणाली, "डोकं होतं गुरुजी, पण ते मामांना आवडतं."

मंडळी, माशाच्या डोळ्यांत आणि मेंदूत ही मेदाम्ले भरपूर असतात. ज्या बाळाला ती हवीत, त्याच्याच आईला ती मिळाली नाहीत. कुणाच्या मनात वाईट नव्हते. पण रीत वाईट होती.

म्हणून दोन गोष्टी करा. मासा तेलात बुडवून तळू नका. तळताना तो कढईतले तेल पितो आणि आपली थोडी चरबी तेलात सोडतो. कालवण बरे. दुसरी गोष्ट, गरोदर बाई आणि बाळंतीण यांना आधी वाढा, तुकड्यासकट वाढा. माझ्यासारख्या माळकऱ्याच्या घरी जवसाची चटणी करा. जवसातही त्याच कुळातले मेदाम्ल आहे. मात्र माशातल्यासारखी मेदाम्ले शरीर त्यातून थोडीच बनवते.

उद्या प्रत्येकाने पाटीवर एक ओळ लिहून आणावी : 'आमच्या घरी पोटुशी बाई आधी जेवते.' लिहिण्याआधी ती खरी करा. मगच मी बरोबरची खूण देईन.