शिलाई मशीन नंतर द्या

(तालुक्याच्या गावातील एका सेवाभावी क्लबच्या साप्ताहिक ब्रेकफास्ट मीटिंगमध्ये केलेलं भाषण. बायकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



सकाळी साडेसातला भाषण करायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्या समुपदेशन केंद्रात साडेसातला कुणी आलं, तर ती बहुतेक रात्री घराबाहेर काढलेली बाई असते. तिला आम्ही आधी चहा देतो, काहीतरी खायला देतो, मग बोलायला सांगतो. तुम्ही माझ्या बाबतीत तेच केलंत. वीस मिनिटं झाली की टेबलावरची घंटा वाजेल, असंही बजावून ठेवलंय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी तुम्ही जमता, ह्याचं मला मनापासून कौतुक आहे. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची बैठक अशी कधी ठरल्या वेळी होत नाही. एकीच्या नळाला पाणी उशिरा येतं, दुसरीची सासू आजारी असते. तुमची बैठक वेळेवर होते, कारण ह्या घडीला तुमच्या घरी डबे दुसरं कुणीतरी भरतंय. मी टोमणा मारत नाहीये. ही वेळ दुकानं-दवाखाने उघडायच्या आधीची म्हणून सोयीची, पण सोय कुणाची ते पाहावं एवढंच म्हणते. समोर मोजले तर पस्तीसएक सभासद आहेत आणि त्यांत बायका तीन.

ह्याला इतिहासही आहे. असे क्लब सुरू झाले ते मुळात पुरुषांसाठी. १९०५ साली शिकागोत चार जण एकत्र आले आणि आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटू लागले. त्या फिरण्यावरूनच रोटरी हे नाव पडलं. बायकांना प्रवेश नव्हता. सभासदांच्या बायकांनी काम करायचं ठरवलं तेव्हा १९२४ साली मँचेस्टरमध्ये इनर व्हील हा वेगळा क्लब निघाला. पुढे १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबाने, सभासद रोडावले म्हणून, तीन बायकांना आत घेतलं. वरिष्ठ संघटनेने त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली. गावकरी कोर्टात गेले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये घटना बदलून जगभर दार उघडलं. लायन्सनेही १९८७ मध्येच बायकांना सभासद करून घेतलं. म्हणजे निकालापर्यंत जायला दहा वर्षं लागली, आणि सुरुवात झाली ती तत्त्वाने नव्हे, खुर्च्या रिकाम्या पडल्या म्हणून! तुमच्याकडेही काही खुर्च्या रिकाम्या दिसतात. बघा बुवा.

आता मुद्द्यावर येते. अध्यक्षांनी मला पत्रात लिहिलं होतं की, यंदा तुमच्या केंद्रातल्या बायकांना शिलाई मशीन द्यायचा विचार आहे, कार्यक्रम मार्चमध्ये करू. मी लगेच हो म्हटलं नाही. त्याचं कारण तुम्हाला समोरासमोर सांगावं म्हणूनच आज आले.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात, अशाच एका संस्थेने मशीन वाटली होती. हॉलमध्ये फ्लेक्स, पाहुणे, शाली. दहा बायका ओळीने उभ्या. त्यातली एक नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन निघालेली. तिचा पत्ता आम्ही केंद्राच्या रजिस्टरमध्येही पूर्ण लिहिला नव्हता. फोटो काढू नका असं मी आयोजकांना सांगितलं होतं. तोंडी सांगितलं होतं, लेखी नाही, ही माझी चूक. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात फोटो आला आणि खाली गावाचं नाव. आठवड्याच्या आत नवरा दारात. मशीन त्याने विकलं. ती पुन्हा आमच्याकडे आली तेव्हा डावा हात गळ्यात अडकवलेला होता. शिवणकाम दोन हातांचं असतं.

ज्यांनी मशीन दिलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वर अहवाल पाठवायचा होता, अहवालाला फोटो लागतो. पण हिशेब कुणाला द्यायचा, हे पहिल्यापासून चुकलं. फोटोच हवा असेल तर मशीनचा काढा, बिलासकट.

आणि मशीन मिळाल्यावर ती काय शिवणार, हेही विचारा. आमच्या वस्तीत परकर-ब्लाऊज शिवणाऱ्या आता गल्लीत चार आहेत, आणि तयार कपडा बाजारात स्वस्त मिळतो. घर सोडलेल्या बाईला पहिल्या पंधरवड्यात लागतं ते वेगळंच. कोर्टाच्या तारखेला जायचं एसटीचं भाडं. मुलाच्या शाळेचा दाखला. खोलीची अनामत रक्कम. मोबाइलचं रिचार्ज, कारण वकिलांचा फोन चुकला की तारीख चुकते. ह्या खर्चाला कुणी देणगी देत नाही, कारण त्याच्यावर कुणाचं नाव रंगवता येत नाही. शंभर, दोनशे, कधी दोन हजार, पण त्याच दिवशी हातात हवेत. समितीची बैठक होईस्तोवर ती बाई थांबू शकत नाही. ती परत त्याच घरी जाते.

पण मी पैसे मागायला आलेले नाही, निदान आज तरी. तुमच्याकडे प्रत्येक सभासद आपापल्या व्यवसायाचा म्हणून घेतला जातो, ही पद्धत मला फार उपयोगाची वाटते. तेव्हा व्यवसायावरच बोलते.

इथे डॉक्टर आहेत. बाई जखम घेऊन येते, शेजारी सासू उभी असते, आणि केसपेपरवर लिहिलं जातं "बाथरूममध्ये पडली". सासूला बाहेर बसवा. मग विचारा, आणि ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा. कोर्टात दोन वर्षांनी तो एकच कागद तिच्या बाजूने बोलतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर खाजगी दवाखान्यालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत, २०१३ पासून तसा कायदाच आहे.

कारखानदार आणि दुकानमालकही आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये एक तरतूद आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. नवऱ्याने ठरलेले पैसे दिले नाहीत, तर मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला सांगू शकतात, ह्याच्या पगारातला एवढा भाग थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा. असा आदेश घेऊन आमची कार्यकर्ती एका मालकाकडे गेली. "मॅडम, तो माझा चांगला कामगार आहे, घरच्या भानगडीत मला कशाला ओढता?" असं उत्तर मिळालं. ते मालक गावात दानशूर म्हणून ओळखले जातात. दिवाळीला साड्या वाटतात. त्यांच्या कारखान्यातल्या एका कामगाराची बायको आठ महिने पोटगीवाचून होती, आणि त्यासाठी त्यांना पदरचा एक रुपयाही घालावा लागणार नव्हता.

ज्यांच्याकडे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, त्यांना २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. किती जणांनी नेमली आहे? हात वर करायला सांगत नाही. खाल्लेलं पचू दे. बाहेरची सदस्य मिळत नाही ही अडचण असेल, तर आम्ही येऊ.

वकिलांना मी काही सांगणार नाही, ते मला वेगळं गाठतीलच. शाळा चालवणाऱ्यांना मात्र एक विनंती. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला वडिलांच्या सहीसाठी दारात उभं करू नका. आईची सही घ्या, पोराला वर्गात बसवा आणि कागदपत्रं मग बघा.

टेबलांवर मी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. त्यावर रकमेचा आकडा नको. तुमचा व्यवसाय, फोन नंबर, आणि रात्री दहानंतर फोन केला तर चालेल का, एवढंच लिहा. शेवटच्या प्रश्नाला "नाही" लिहिलंत तरी राग नाही. खरं लिहा, म्हणजे रात्री दहाला आमची धावपळ वाचेल. मार्चच्या कार्यक्रमाचं त्या चिठ्ठ्या वाचून ठरवू.

घंटेला अजून दोन मिनिटं आहेत असं दिसतंय. प्रश्न असतील तर विचारा.