शिकाऱ्याच्या पैशावर वाढलेले कळप

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या उतारांवरची राष्ट्रीय वनं सरकारी मालकीची आहेत आणि तिथे एल्कची, म्हणजे आपल्या सांबराच्या थोराड भाऊबंदाची, शिकार परवान्यानं करता येते. एकोणिसाव्या शतकात मांस-कातड्याच्या धंद्यानं हा प्राणी संपत आणला होता. पुढे उत्तर अमेरिकेत लाखभरही एल्क उरले नाहीत. आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. शिकारी याचं श्रेय स्वतःच्या निसर्गप्रेमाला देतात. मला ते पटत नाही. प्रेम आधीही असेल. बदलला तो कायदा. शिकारीच्या मांसाची विक्री थांबली, 1900च्या लेसी कायद्यानं चोरट्या शिकारीचा माल दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरला आणि 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. त्यातली मेख अशी, की परवान्याचं उत्पन्न दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला त्या करातला छदामही मिळत नाही. नियमही बारीक आहेत. मारलेलं जनावर नर की मादी हे दाखवणारा भाग मांसाला जोडलेलाच ठेवावा लागतो आणि खाण्याजोगं मांस रानात कुजू देणं हा गुन्हा आहे. गाडी पोचत नाही तिथून ते ओझं पाठीवरून उतरवायचं म्हटल्यावर गोळी झाडण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो.

मुळात मारायचंच कशाला, असं कुणी विचारील. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदीच होती. पण लांडगे आधीच संपवलेले, त्यामुळे कळप फुगले, चराई हाताबाहेर गेली आणि अखेर उद्यानाच्या रक्षकांनीच हजारो एल्क गोळ्या घालून मारले. बंदीनं मारणं टळलं नाही, फक्त मारणारा बदलला. (आपल्याकडे जंगलात गावं आणि गुरं आहेत, 1972च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याची वाट वेगळी आहे ती योग्यच.)

खरा आक्षेप निराळा आहे: शिकाऱ्याच्या पैशावर चालणारं वन्यजीव खातं शिकाऱ्याच्या आवडीचं जनावर आधी सांभाळणार. हा आक्षेप मला मान्य आहे. वन तर शिकार न करणाऱ्यांचंही आहे. एल्क खाणाऱ्या लांडग्यांचंच बघा. 2020 साली कोलोरॅडोच्या मतदारांनी लांडगे परत आणण्याचा कौल दिला, तोही निसटत्या बहुमतानं. आणि जिथे लांडगे सोडायचे होते त्या रॉकीच्या पश्चिम उताराकडच्या बहुतेक भागानं विरोधात मत दिलं. डिसेंबर 2023मध्ये पहिले लांडगे तिथेच सोडले गेले.