४८ व्होल्टचा चार्जर म्हणजे नेमका कितीचा?



हल्ली गटाच्या बैठकीत पापड-मसाल्याबरोबर बॅटरीवरच्या रिक्षाचा आणि स्कूटरचाही विषय निघतो. पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी सरकारने पिंक ई-रिक्षा योजना आणली. त्यात २० टक्के अनुदान, १० टक्के बाईचे स्वतःचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. आपल्या न्हावा शेव्याकडेही कुणी उरण-पनवेलच्या फेऱ्यांसाठी गाडी घेतली, तर हप्ता चुकत नाही. आणि त्या गाडीतली महागाची वस्तू म्हणजे बॅटरी. म्हणून आज चार्जरबद्दल बोलू.

चार्जर बिघडला की आपण दुकानात जाऊन सांगतो, "४८चा द्या." गडबड इथेच होते. ४८ हे बॅटरीचं नुसतं नाव. ती पूर्ण भरते तेव्हाचा आकडा वेगळा असतो.

लिथियम बॅटरी म्हणजे सेलची माळ. एनएमसी प्रकारचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो. असे १३ सेल असले तर चार्जर ५४.६ व्होल्टचा हवा. एलएफपी प्रकारचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. त्याचे १६ सेल, म्हणजे ५८.४ व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्या बाजारात ४८च्याच म्हणून विकल्या जातात. आता ५८.४चा चार्जर १३ सेलच्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर जवळजवळ साडेचार व्होल्ट येतात. सेल तापतो, फुगतो, पेटूही शकतो. बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं, ते वीज तोडतं. पण दाराला कडी आहे म्हणून कुणी चोराला बोलावत नाही.

जुन्या अ‍ॅसिडच्या बॅटरीचा चार्जरही लिथियमला लावू नका. त्याची भरण्याची पद्धतच निराळी.

काही चार्जरच्या आत बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की व्होल्टेज कमी-जास्त होतं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, थोडं वाढवून देतो, गाडी लांब जाईल," तर सरळ नाही म्हणा. थोडं कमी ठेवलेलं मात्र चालतं. १३ सेलला ५३.३ ठेवलं तर एका चार्जिंगमध्ये गाडी थोडी कमी धावते, पण बॅटरी जास्त वर्षं टिकते. हे काम जाणकाराने मीटर लावूनच करायचं. घरी चार्जर उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

बॅटरीचा प्रकार, सेल किती आणि पूर्ण भरल्यावर व्होल्ट किती, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. चार्जरच्या चिठ्ठीवर 'आउटपुट'समोर तोच आकडा आहे का ते पाहा. नवा चार्जर दुकानातच मीटरवर तपासून घ्या. आणि रात्री झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दारात गाडी चार्जिंगला लावू नका.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या चार्जरचा आकडा वहीत लिहून आणा. एकत्र बसून ताडून पाहू.