वकिली कोणत्या शहरात करावी?

(सोलापूर येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुले-मुली भेटली की एकच प्रश्न विचारतात, "सर, मुंबईला जाऊ की इथेच राहू?" मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन वाटेला लागत होतो. संस्थेने आज याच विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा बसून विचार करावा लागला आणि लक्षात आले की माझी दोन वाक्यांची उत्तरे बरीचशी चुकीची होती.

बाबासाहेबांपासूनच सुरुवात करतो. १९२२ मध्ये ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसेदेखील जवळ नव्हते. मित्र नवल भथेना यांनी त्या वेळी मदत केली. हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. म्हणजे देशातील एक मोठे कोर्ट समोर, हातात लंडन आणि न्यूयॉर्कच्या पदव्या, आणि टेबलावर कागद नाही. त्यांनी काय केले? मुंबई सोडली नाही. परळच्या कामगार वस्तीतच राहिले, दामोदर हॉलमध्ये कचेरी थाटली, बाहेरगावच्या कोर्टांतील कामे घेतली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालविले. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेला खटला त्यांनी पुण्याच्या कोर्टात लढवून जिंकला. मुक्काम मुंबईत, आणि कामासाठी मात्र कोर्ट असेल तिथे जायची तयारी, असा तो प्रकार होता.

आता अलीकडचे पाहा. न्यायमूर्ती भूषण गवई हे मूळचे अमरावतीचे. १९८५ मध्ये सनद घेतली, मुंबईत बॅ. राजा भोसले यांच्याकडे उमेदवारी केली, १९८७ ते १९९० मुंबई हायकोर्टात स्वतंत्र वकिली केली. त्यानंतर त्यांनी आपले काम मुख्यतः नागपूर खंडपीठात नेले. तिथे नागपूर आणि अमरावती महानगरपालिकांचे, अमरावती विद्यापीठाचे वकील झाले, पुढे सरकारी वकील झाले, २००३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. मुंबई सोडली म्हणून त्यांचे काही अडले नाही. पण मुंबईची पाच वर्षे वाया गेली असेही मी म्हणणार नाही, कारण काम शिकले ते तिथे.

तेव्हा "मोठे शहर की लहान शहर" हा प्रश्नच मला बरोबर वाटत नाही. आधी आपल्याला कोणते काम करावयाचे आहे आणि ते काम कोणत्या गावात उभे राहते, हे पाहिले पाहिजे. कंपनी कायदा, आयकर अपील, शेअर बाजाराचे दावे, ट्रेडमार्क ही कामे मुंबईतच भरघोस आहेत. त्याची हौस असेल तर सोलापुरात बसून उपयोग नाही. सरकारी नोकरांच्या बढत्या, बदल्या, निलंबन यांची कामे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात चालतात आणि ते मुंबई, नागपूर, औरंगाबाद येथे बसते. पुण्याला हायकोर्ट नाही, परंतु साखर आयुक्त, सहकार आयुक्त, शिक्षण आयुक्त, जमाबंदी आयुक्त ही सगळी राज्याची कार्यालये पुण्यात. कारखान्यांची, सोसायट्यांची, शिक्षकांची बरीच प्रकरणे तिथल्या टेबलांवर सुरू होतात. हे फार थोडी मुले लक्षात घेतात. दिल्लीला जावयाचे असेल तर सुप्रीम कोर्टात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड होण्यासाठी आधी चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि कोर्टापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस, इतके सगळे लागते. घरून पाच-सहा वर्षे पैसे येणार असतील तरच तो विचार करा.

आपल्या माणसांची कामे कोणती असतात? महार वतनाच्या जमिनी. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली, पण सात-बाराचे भांडण आजही तहसीलदार आणि प्रांतांच्या दारात आहे. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी. अपघाताच्या भरपाईची कामे, भूसंपादनाची कामे. विडी कामगार, सूतगिरणीचे, कारखान्याचे कामगार. घरातली पोटगीची प्रकरणे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे खटले. ही सगळी तालुक्यात आणि जिल्ह्यात जन्मतात. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलाला साक्षीदाराची उलटतपासणी घेताना जी धार येते ती इंग्रजीत पाठ करून येत नाही. याउलट हायकोर्टाची भाषा इंग्रजी. ड्राफ्टिंग इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत. ज्याला हायकोर्टात जायचे आहे त्याने इंग्रजीवर आजपासून मेहनत घ्यावी, शहर कोणतेही असो.

आता पोटाचा प्रश्न. पहिली तीन वर्षे ज्युनिअरला फारसे काही मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये ज्युनिअरला द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही, हे ध्यानात ठेवा. मुंबईत डोंबिवली-बदलापूरला खोली घेऊन रोज लोकलने फोर्ट गाठायचे, तर दिवसाचे तीन तास गाडीत जातात. ज्याचे काका-मामा चेंबूरला, घाटकोपरला आहेत त्याला सोपे. माझे मामा होते म्हणून मी चौदा महिने टिकलो. सनदेचा खर्च मात्र आता कमी झाला. ३० जुलै २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. ती रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे रुपये आहे.

ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. तात्पुरती नोंदणी झाल्यापासून ही वर्षे मोजली जातात. ही तीन वर्षे जिथे रोज साक्षी-पुरावे चालतात अशा कोर्टात गेली तर चांगले. म्हणून अशा मुलांना मी बार्शी, पंढरपूरसुद्धा सुचवितो. तिथे चार-सहा महिन्यांत स्वतः उभे राहून बोलायची संधी मिळते. मुंबईत मी चौदा महिन्यांत पुढची तारीख मागण्यापलीकडे तोंड उघडले नाही.

एक विषय टाळून चालणार नाही. आडनाव. मी सनद घेतल्यावर एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका नामांकित वकिलांकडे गेलो. गाव विचारले, आडनाव विचारले, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारले. मग म्हणाले, सध्या जागा नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे दुसरा ज्युनिअर बसलेला पाहिला. मुंबईत हे कोणी विचारत नाही, असे ऐकून मी मुंबईला गेलो. खरोखरच कोणी विचारले नाही. तिथे विचारीत, "ओळख कोणाची?" माझी ओळख कोणाचीच नव्हती, म्हणजे उत्तर तेच झाले. अखेर ज्यांनी मला उभे केले ते सीनिअर जातीने आपले नव्हते. कामगारांची बाजू घेणारे साधे गृहस्थ होते. त्यांनी तिसऱ्या आठवड्यात फाइल हातात दिली आणि म्हणाले, "उद्या तू बोल, मी मागे बसतो." मुलांनो, शहर निवडताना शहरापेक्षा असा माणूस शोधा. त्यासाठी शिकत असतानाच सुट्टीत पंधरा दिवस कोर्टात जाऊन बसावे. कोणता वकील ज्युनिअरला बोलू देतो हे मागच्या बाकावरून दिसते. मुलींनी तर हे जरूर पाहावे, आणि संध्याकाळी ऑफिस किती वाजेपर्यंत चालते, तिथे आणखी कोणी स्त्री वकील आहे का, परतीची एसटी कितीची, हेही न लाजता विचारावे.

आता जे सांगण्यासाठी मी आलो त्याकडे येतो.

२०१८ साली जिल्ह्यातल्या एका गावच्या आपल्या कुटुंबाचे प्रकरण माझ्याकडे आले. मुलाला मारहाण झाली होती. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. विशेष न्यायालयाने आरोपींचा जामीन फेटाळला. आरोपी या कायद्याच्या कलम १४-अ प्रमाणे अपिलात मुंबई हायकोर्टात गेले. कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या वेळी पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, म्हणून घरी नोटीस आली. माझे खटले इथे लागलेले, मी गेलो नाही. मुंबईतल्या ओळखीच्या वकिलांना कागद पाठविले. मुलाचे आईवडील सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला पोचायचे, दिवसभर कोर्टाच्या आवारात बसायचे, बोर्डावर नंबर येत नसे, रात्रीच्या गाडीने परत. असे तीन वेळा झाले. दोघांच्या मजुरीचे दिवस बुडाले. चौथ्या वेळी ते गेले नाहीत. आमचे वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकले होते. जामीन झाला. आपल्या बाजूने एक शब्द बोलला गेला नाही.

कोणी हजर असते तर जामीन नामंजूर झाला असता असा माझा दावा नाही. कदाचित झालाच असता. पण त्या आईने मला विचारले, "साहेब, आपलं कोणी तिथं नव्हतं का?" अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हायकोर्टाचीही विधी सेवा समिती असते. तिथे एक अर्ज करावयाचा मला सुचले नाही. ही चूक माझी. ती मी आज पहिल्यांदा जाहीरपणे सांगतो आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिकडे गेली. आपल्याला चारशे किलोमीटर जावे लागत होते, ते अडीचशेच्या आत आले. दूरदृश्य प्रणालीने घरबसल्या हजर राहता येते असे काही जण म्हणतील. येते, आणि त्याचा उपयोगही करावा. परंतु नवे काम हाती येते ते आवारात, चहाच्या टपरीवर, एकमेकांच्या शब्दावर. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला कोणी फाइल आणून देत नाही.

नव्या बेंचमध्ये एक गोष्ट वेगळी असते. मुंबईत, नागपुरात बसण्याच्या जागा, ऑफिसे, घराणी सगळे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. औरंगाबादला १९८१ मध्ये बेंच बसले तेव्हा जे तरुण सुरुवातीला तिथे गेले ते पुढे तिथले सीनिअर झाले. कोल्हापुरात ती वेळ आत्ता आहे. धोकाही सांगतो. तिथे खोल्यांची भाडी वाढली असणार, सहा जिल्ह्यांतले जुने वकीलही तिकडे धावले आहेत, आणि हायकोर्टाचे काम पहिल्या दिवसापासून मिळत नाही. म्हणून ज्याने इथे दोन-तीन वर्षे खालच्या कोर्टात काढली आहेत, ज्याला चार तालुक्यांतले वकील नावाने ओळखतात, त्यानेच जावे. म्हणजे अपिलाचे कागद इथून त्याच्याकडे जातील. कोरा विद्यार्थी थेट तिकडे गेला तर त्याचे माझ्या चौदा महिन्यांसारखे होईल.

कोल्हापूर आपल्याला परके नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या त्या त्याच संस्थानात. माणगावची परिषद १९२० ची, तीही त्याच भूमीतली.

मी संस्थेपुढे एक विनंती ठेवतो आणि अध्यक्षांची परवानगी आधीच घेतली आहे. आपल्या जिल्ह्यातले दोन वकील, शक्य तर त्यात एक मुलगी, यांच्यासाठी कोल्हापुरात एक खोली भाड्याने घ्यावी. दोन वर्षांचे भाडे वर्गणीतून द्यावे, आणि त्यांनी वर्षाला ठरावीक कामे समाजाची विनामूल्य करावीत. पहिल्या सहा महिन्यांचे भाडे मी देतो. विहारातून कोल्हापूरला तारखेसाठी येणाऱ्या माणसाला रात्री टेकायलाही ती खोली उपयोगी पडेल. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांची सनद होऊन दोन वर्षे झाली आहेत त्यांनी नाव, तालुका आणि कोणत्या कोर्टात काम करता ते लिहावे. विद्यार्थ्यांचे प्रश्न जेवण झाल्यावर घेऊ.

जय भीम.