भयपट, विज्ञानपट आणि आपण

(नभोवाणीवरील भाषण)

भुताखेतांचे चित्रपट आणि अंतराळातील साहसे हा शाळामास्तराने बोलण्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटेल. परंतु मी या दोन्ही प्रकारांचा जुना शौकीन आहे, आणि राहणारा बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातला. येथील माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतो, व चित्रपटही तितक्याच भाषांत पाहतो. त्यामुळे भयाची आणि नवलाची नाना रूपे आमच्या वाट्याला आली आहेत. त्यांविषयी माझी काही मते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम भयाविषयी. आमच्या भागाला भय बाहेरून आणावे लागत नाही. भालकी, औराद, आळंद, बसवकल्याण या तालुक्यांत ‘भानामती’ हा शब्द न ऐकलेला माणूस सापडणे कठीण. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, एखादी सून अकस्मात घुमू लागते, आणि मग ‘हे केले कोणी?’ असा प्रश्न निघतो. संशय बहुधा जिला पाठीराखा नाही अशा एखाद्या विधवेवर किंवा म्हातारीवर जातो. पुढे जे घडते ते येथे सांगण्याजोगे नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकाच्या विधिमंडळाने २०१७ साली तसा कायदा संमत केला व तो २०२० पासून अमलात आला. तथापि कायद्याने गुन्हेगाराला शासन होते, मनातले भय मात्र इतक्या लवकर जात नाही.

म्हणून भयपटाला मी एकच कसोटी लावतो. चित्रगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला शेवटी भय कशाचे वाटते? माणसाच्या दुष्कृत्याचे, की शेजारच्या निराधार बाईचे?

या कसोटीवर रामसे बंधूंचे चित्रपट पाहा. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला, ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आणि ‘वीराना’ १९८८ साली. पुढे १९९३ मध्ये त्यांनी झी वाहिनीवर भयमालिकाही सुरू केली. करकरणारे दार, धुके, जुनी हवेली, अकस्मात पुढे येणारा हात, ही सारी सामग्री त्यांनी मोठ्या हौसेने वापरली. त्यांची मौज मी नाकारीत नाही. परंतु ‘वीराना’तील अरिष्टाचे मूळ एक चेटकीण आहे, आणि ‘पुराना मंदिर’मध्ये त्रिशूळ हाती आल्यावाचून सुटका नाही. ज्या गावात बाईला चेटकीण ठरवून छळतात, तेथे हे चित्र केवळ करमणूक राहत नाही.

त्रिशुळाप्रमाणेच क्रूसाचेही. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा हे मला बोललेच पाहिजे. १९५८ सालच्या इंग्रजी ‘ड्रॅक्युला’त दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस केला जातो व रक्तपिपासू सरदार मागे हटतो. प्रसंग झकास आहे! पण क्रूस म्हणजे दाराला टांगलेले लिंबू-मिरची नव्हे. याउलट १९७३ सालचा ‘एक्झॉर्सिस्ट’ पाहा. त्यातील आई आपल्या मुलीला आधी डॉक्टरांकडे नेते. तपासण्यांवर तपासण्या होतात. आणि जो तरुण पाद्री पुढे येतो तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ असून प्रथम शंकाच घेतो. आमच्या चर्चच्या नियमानुसारही बिशपच्या परवानगीवाचून कोणाही पाद्र्याला असा विधी करता येत नाही. हा संयम किती प्रेक्षकांच्या ध्यानात राहतो, कोण जाणे. बहुतेकांना आठवते ती त्या मुलीची फिरलेली मान.

आमच्या भागाला अधिक उपयोगी पडला तो २००४ सालचा कन्नड ‘आप्तमित्र’. १९९३ च्या ‘मणिचित्रताळ्’ या मल्याळी चित्रपटाचा हा कन्नड अवतार. हिंदीत तोच २००७ साली ‘भूलभुलैया’ झाला. वाड्यातील बंद खोली, नर्तकीची कथा, रात्रीचे पैंजण, सर्व काही आहे. पण अखेरीस डॉक्टर सांगतो की घरची सून झपाटलेली नाही, तिचे मन आजारी आहे आणि ते बरे होऊ शकते. घुमणाऱ्या सुनेकडे अशा दृष्टीने पाहावे हे सांगणारा चित्रपट दहा व्याख्यानांचे काम करतो. ‘भूलभुलैया’च्या २०२२ सालच्या दुसऱ्या भागात मात्र खरेच भूत आणण्यात आले. धंद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण त्यात जी मोलाची गोष्ट होती ती गेली.

आणि मराठी मातीतला भयपट म्हणावा असा, भाषेने हिंदी असूनही, राही बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’. त्याच्यामागे नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे. अखंड पाऊस, पडका वाडा, पृथ्वीच्या पोटात कोंडलेला हस्तर आणि त्याच्या सोन्याच्या नाण्यांसाठी पुनःपुन्हा खाली उतरणारा विनायक! हस्तराचे भय क्षणभराचे. विनायकाच्या हावेचे भय घरापर्यंत सोबत येते, कारण ती हाव आपल्या ओळखीची असते. बाप जे मिळवतो ते मुलगा शेवटी नाकारतो, आणि तेथे त्या घराण्याची सुटका होते. या सुटकेला मांत्रिक लागत नाही.

बीदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतानांचे घुमट आहेत. त्यांत हुमायून शहाचा घुमट वीज पडून दुभंगलेला आहे. हा सुलतान १४५८ ते १४६१ एवढाच काळ गादीवर होता, पण ‘जालिम’ हे नाव मागे ठेवून गेला. त्या दुभंगलेल्या घुमटाखाली भुताची कथा रचणे सोपे आहे. मला मात्र त्या माणसाच्या क्रौर्याचे वृत्तान्त पुरेसे भयंकर वाटतात.

आता विज्ञानपटांकडे वळू. भय आणि विज्ञान यांचे नाते जुने आहे. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी १८१८ सालची. तीतला जीव राक्षस होतो तो निर्मात्याने त्याला टाकून दिल्यामुळे. येथेही दोष माणसाच्या कृतीचाच. मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ना. वि. जगताप या नावाने धाडली आणि पारितोषिक मिळवले. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्यासारख्यांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली, पण मराठी पडद्यावर २०१६ च्या ‘फुंतरू’सारखे प्रयत्न मोजकेच. दूरदर्शनवर १९९८ साली ‘कॅप्टन व्योम’ आला. त्यातील देखावे आजच्या मानाने साधे असले तरी अंतराळयानात भारतीय माणूस बसलेला पाहून आम्हा मुलांना केवढी धन्यता वाटे! आजचे विज्ञानपट नेत्र दिपवतात, पण पुष्कळदा त्यांत प्रश्नच नसतो, नुसता स्फोट असतो.

वस्तुतः विज्ञानकथेतील एक स्वप्न आमच्याच जिल्ह्यात उतरले होते. पृथ्वीभोवती एका जागी स्थिर भासणाऱ्या उपग्रहांवरून जगभर संदेश धाडता येतील, असे आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली लिहिले. पुढे ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. १ ऑगस्ट १९७५ रोजी भारतातील सहा राज्यांत मिळून सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकी उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी सुरू झाली. कर्नाटकात त्यासाठी गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे निवडले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री गावात उभी राहिली, आणि सकाळी शाळेतील मुलांचे व संध्याकाळी शेतकऱ्यांचे कार्यक्रम उमटू लागले. बंगळूरला दूरचित्रवाणी केंद्र झाले ते १९८१ साली! प्रयोग वर्षभरात संपला. ज्या भागात आकाशातून चित्र उतरले, त्याच भागात दगड कोण टाकतो हे विचारायला लोक अजून मांत्रिकाकडे जातात, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

तेव्हा श्रोतेहो, मुलांना हे चित्रपट पाहू देऊ नका, असे मी म्हणणार नाही. थोरांनी जवळ बसून पाहावेत. दिवा लागल्यावर मुलाला विचारावे, ‘यात खरा अपराधी कोण होता?’ आणि विज्ञानपट संपल्यावर विचारावे, ‘हे घडेल ते कसे घडेल?’ हे दोन प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडले, तो मोठेपणी गावात भानामतीचा बोभाटा झाला, तरी एखाद्या म्हातारीच्या दाराकडे धावणाऱ्या जमावात सामील होणार नाही. भयाचा शौक इतके शिकवू शकला, तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे कोण म्हणेल?