आंकड्यांची गंमत आणि तिच्यामागचें ‘कां’

चार मंडळी एकत्र जमलीं कीं कोणी तरी हटकून आंकड्यांचें एखादें कोडें घालतो. ३५ चा वर्ग किती, असें विचारतो आणि कोणी पेन्सिल शोधण्यापूर्वींच १२२५ हें उत्तर सांगून मोकळा होतो. युक्ति सोपी आहे. संख्येच्या शेवटीं ५ असेल, तर तो ५ सोडून उरलेल्या संख्येला तिच्या पुढच्या संख्येनें गुणावें व गुणाकारापुढें २५ मांडावे. तीन चोक बारा, पुढें पंचवीस. याच रीतीनें ८५ चा वर्ग ७२२५.

ही युक्ति मीं एकदां घरांतील मुलांना मोठ्या ऐटीनें सांगितली. धाकटी पुतणी म्हणाली, “काका, पण असें कां होतें?” मला उत्तर देतां येईना. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सारें मीं घोकलें होतें. ‘कां’ हें विचारण्याची मात्र मला कधीं संवय लागली नव्हती.

शेवटीं आम्हीं ३५ सेंटिमीटरचा एक चौरस कागद घेतला. त्याच्या उजव्या कडेची ५ सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी कापली. राहिलेला कागद ३० रुंद आणि ३५ उंच. ती पट्टी आडवी करून वरच्या कडेस जोडली, तों ३० रुंद व ४० उंच असा आयत तयार झाला. त्याचें क्षेत्रफळ १२००. पट्टीचा ५ लांब व ५ रुंद एवढा तुकडा बाहेर राहिला, तेच आपले २५. पुतणीचें समाधान झालें आणि माझेंहि.

असल्या गोष्टींना पोरखेळ म्हणणारे पुष्कळ असतात. देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या वाट्यास ही उपेक्षा फार आली. त्यांनीं शोधलेला एक खेळ आतांच करून पाहूं. चार अंकी कोणतीहि संख्या घ्या. चारी अंक सारखे मात्र नकोत. आपण १९४७ घेऊं. अंक उतरत्या क्रमानें मांडले कीं ९७४१, चढत्या क्रमानें १४७९. वजाबाकी ८२६२. तिच्यावर पुन्हां तीच क्रिया करावी. शून्य आल्यास तेंहि अंक म्हणून धरावें. पुढें ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पांचव्या खेपेस ६१७४. येथें गाडी थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हां ६१७४ च. कोठूनहि निघा, सात खेपांच्या आंत किंवा सातव्या खेपेस हाच मुक्काम लागतो.

हें माझ्या शब्दावर मानूं नका. पहिल्या वजाबाकीचें उत्तर दोनच गोष्टींवर ठरतें: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. त्यामुळें अशीं उत्तरें अवघीं ५४ संभवतात. सुट्टीच्या दुपारीं घरच्या मंडळींनीं वांटून घेतलीं, तर तीं सर्व तपासून होतील.

१९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या सदरांत कापरेकरांच्या कामाविषयीं लिहिलें आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर पोंचलें. तेव्हां त्यांनीं सत्तरी गांठली होती.

आज रात्रीं तीन अंकी संख्या घेऊन हाच प्रयोग करा. मुक्काम कोणता, तें मी सांगत नाहीं. एखाद्या मुलानें मध्येंच ‘कां?’ म्हणून विचारलें, तर त्याला गप्प बसवूं नका; कागद घेऊन त्याच्याजवळ बसा.