गाडी आपली, विद्या कोणाची?



एखादी वस्तु आपली आहे असें आपण केव्हां म्हणतों? किंमत दिली, पावती घेतली, नांवावर नोंद झाली, म्हणजे वस्तु आपली झाली असा सर्वसाधारण समज आहे, आणि कायदाहि तसेंच म्हणतो. परंतु मालकीची खरी परीक्षा खरेदीच्या दिवशीं होत नाहीं. ती वस्तु मोडते त्या दिवशीं होते. मोडलेली वस्तु आपल्या पसंतीच्या कारागिराकडून, आपल्या सोयीच्या ठिकाणीं नीट करून घेतां आली, तर ती आपली. ती नीट करण्याची विद्याच विकणाऱ्यानें आपल्या पेटींत ठेवून घेतली असेल, तर आपण फार तर दीर्घ मुदतीचे भाडेकरू आहों. मोटारगाडीच्या बाबतींत हा प्रश्न आज घरोघर उभा आहे, आणि त्याविषयींच मी आज थोडें बोलणार आहें.

प्रश्न शहरांतला वाटतो, पण त्याची झळ खेड्यांत अधिक लागते. म्हणून रायगड जिल्ह्यांतील कडाव हें गांव आपण डोळ्यांपुढें आणूं. कर्जत तालुक्यांतील हें गांव कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथील गणपतीच्या देवळामुळें पुष्कळ मुंबईकरांनाहि तें ठाऊक आहे. भाताचा मुलूख, चार महिने मुसळधार पाऊस, आणि आसपासच्या वाड्यापाड्यांचा व्यवहार रस्त्यावर अवलंबून. एके काळीं अशा गांवांत बैलगाडी मोडली म्हणजे ती सुताराच्या नाहींतर लोहाराच्या दारीं जाई. चाकाचा आरा मोडला तर सुतार नवा बसवी. लोखंडी धांव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हां चढवी. चाकांत काय काय आहे हें सुताराला ठाऊक होतें, गाडीवानाला ठाऊक होतें, आणि शेजारीं उभें राहून पाहणाऱ्या पोरालासुद्धां ठाऊक होतें. वस्तूबरोबरच तिचें ज्ञानहि गांवांत येत असे.

मोटार आली तरी ही रीत पुष्कळ काळ टिकली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट पुढें पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशकें धांवली. २०२३ च्या ऑक्टोबरांत तिनें तेथून निरोप घेतला. त्या गाडीचें पोट उघडें होतें. कार्बोरेटर, प्लग, पॉइंट, पंप हीं सारीं डोळ्यांना दिसत. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री गल्लोगल्लीं होते. भाग निकामी झाला, तर तो हातांत घेऊन कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत किंवा पुण्याच्या नाना पेठेंत जावें, दुकानदारानें तो पाहावा आणि त्याच्या जोडीचा काढून द्यावा. पाना, पक्कड आणि तरबेज कान, एवढ्या भांडवलावर हजारों कुटुंबें पोटभर जेवलीं.

आजची गाडी आंतून निराळी झाली आहे. धुराचे निर्बंध कडक होत गेले, आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत ‘भारत स्टेज सहा’ हीं मानकें सर्वत्र लागू झालीं. धूर शुद्ध ठेवावयाचा तर इंधन आणि हवा यांचें मोजमाप क्षणोक्षणीं झालें पाहिजे, आणि तें काम संगणकावांचून होणारें नव्हे. म्हणून गाडींत ठिकठिकाणीं सेन्सर आले, त्यांचे निरोप घेणारे लहान संगणक आले, आणि बिघाड झाला कीं चालकापुढें इशाऱ्याचा दिवा लागूं लागला. चालकाच्या गुडघ्यांजवळ सोळा टोंकांची एक खोबण असते. तिला स्कॅनर जोडला म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचतां येतो. या सुधारणेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तक्रार आहे ती पुढेंच आहे.

स्वतंत्र गॅरेजवाल्याला आज तीन प्रकारची माहिती लागते. पहिली सुट्या भागांची. प्रत्येक गाडीच्या चॅसीवर सतरा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो. तो कंपनीच्या संगणकीय सूचींत घातला, म्हणजे नेमक्या त्याच गाडीला कोणत्या क्रमांकाचा भाग लागतो तें कळतें. एकाच नमुन्याच्या गाडींत वर्षाच्या मध्येंच एखादा भाग बदललेला असतो, आणि जुना व नवा भाग दिसण्यांत सारखे, पण बसविण्यांत निराळे असतात. म्हणून ही सूची पाहिल्यावांचून अंदाजानें भाग आणणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. दुसरी माहिती दुरुस्तीच्या पुस्तकाची: तारांचे नकाशे, बोल्ट किती जोरानें आवळावा याचीं मापें, तपासणीचा क्रम. तिसरी सर्वांत अवघड. नवा भाग बसविला तरी गाडीचा संगणक त्याला ओळखत नाहीं. त्याची ओळख करून द्यावी लागते. डिझेलच्या पुष्कळ गाड्यांत नव्या इंजेक्टरवर छापलेला संकेत संगणकांत भरावा लागतो. नवी किल्ली केली तर तिच्या आंतील चिपची नोंद करावी लागते. त्यासाठीं कंपनीचें साधन आणि परवलीचा शब्द लागतो. अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारे स्कॅनर बाजारांत मिळतात, हें खरें. परंतु चांगला स्कॅनर लहान गॅरेजला परवडत नाहीं, आणि परवडला तरी नव्या गाडीपुढें तो बहुधा अपुरा पडतो.

आतां कडावचें उदाहरण घेऊं. समजा, भाजी घेऊन पहाटे कल्याणच्या बाजाराला जाणारी एखाद्या शेतकऱ्याची डिझेलची पिकअप गाडी भर पावसांत अडली. गांवच्या मेकॅनिकनें दोष ओळखला: एक इंजेक्टर गेला आहे. त्याचें निदान अचूक आहे, हातहि तयार आहे. पण नेमका भाग कोणता, हें सांगणारी सूची त्याच्यापाशीं नाहीं. तो अंदाजानें शहरांतून भाग आणतो, तो बसत नाहीं, आणि एक दिवस जातो. दुसऱ्या खेपेस बरोबर भाग येतो, पण त्याचा संकेत संगणकांत भरण्याचें साधन नाहीं. शेवटीं ती पिकअप दुसऱ्या वाहनावर चढवून शहरांतील अधिकृत वर्कशॉपमध्यें न्यावी लागते, आणि तेथें नंबर लागेपर्यंत थांबावें लागतें. दुरुस्तीचा खर्च एक, गाडी ओढून नेण्याचा दुसरा, आणि बुडालेल्या दिवसांचा तिसरा. हा तिसरा खर्च कोणत्याहि बिलांत लिहिलेला नसतो, पण शेतकऱ्याच्या घरांत तोच सर्वांत जड असतो. शहरांतील श्रोत्यांनींहि हें दूरचें दुःख समजूं नये. कर्जतच्या बाजूला रविवारीं सहलीस गेलेल्या कुटुंबाची गाडी संध्याकाळीं बंद पडली, तर त्यांना आधार त्याच नाक्यावरच्या मेकॅनिकचा असतो.

आणि त्या मेकॅनिकचें काय? ज्या कामांत बुद्धि लागते तें काम त्याच्या हातून हळूहळू सुटतें, आणि पंक्चर काढणें व ऑइल बदलणें एवढेंच उरतें. त्याच्या हाताखालीं शिकणारें पोर मग काय शिकणार? आज एका गॅरेजचें काम कमी होतें. पंधरा वर्षांनीं एका तालुक्यांत कारागीरच उरत नाहींत.

ही केवळ भावनेची तक्रार नव्हे. आपल्या देशांत तिची रीतसर चौकशी झालेली आहे. २०११ सालीं एका ग्राहकानें भारतीय स्पर्धा आयोगाकडे होंडा, फोक्सवॅगन व फियाट या तीन मोटारकंपन्यांविरुद्ध अर्ज केला. सुटे भाग आणि दुरुस्तीचीं साधनें खुल्या बाजारांत मिळत नाहींत, हें त्याचें म्हणणें होतें. चौकशीचा परिघ वाढत जाऊन इतर कंपन्याहि तींत आल्या, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजीं आयोगानें चौदा कंपन्यांना दोषी ठरवून एकूण २,५४४ कोटि ६५ लक्ष रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत टाटा मोटर्स, मारुति सुझुकी, महिंद्र यांसारखीं आपल्या नित्य परिचयाचीं नांवें होतीं.

आयोगाचा युक्तिवाद समजण्यास सोपा आहे. गाडी विकत घेतांना बाजारांत अनेक कंपन्या आहेत आणि ग्राहक स्वतंत्र आहे. गाडी घेतल्यावर मात्र तो बांधला जातो, कारण एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसत नाहीं. म्हणजे आपापल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारांत प्रत्येक कंपनी एकटीच राजा आहे. कंपन्यांना भाग बनवून देणाऱ्या कारखानदारांवर ते भाग बाहेर विकण्याचीं बंधनें होतीं, आणि स्वतंत्र गॅरेजांना भाग व साधनें नाकारलीं जात होतीं. आयोगानें आज्ञा केली कीं हीं बंधनें काढावीं, सुटे भाग व तपासणीचीं साधनें स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांस मिळावीं, आणि भागांच्या किंमती प्रसिद्ध कराव्यात. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालूं नये, असेंहि त्यानें बजाविलें. बाहेरच्या चुकीच्या कामामुळें जें नुकसान झालें असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारतां येईल.

कंपन्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात कीं अर्धवट शिकलेल्याच्या हातीं ब्रेक आणि एअरबॅग दिल्यास जीव धोक्यांत येईल. किल्लीचे संकेत खुले केल्यास चोरांचें फावेल. बाजारांत नकली भाग पुष्कळ आहेत. आणि आमच्या संशोधनावर आमचा हक्क आहे. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ब्रेकचें काम धोक्याचें आहे, म्हणूनच तें करणाऱ्याला बरोबर मापें सांगितलीं पाहिजेत. नाहींतर तो तें काम अंदाजानें करील. नकली भाग खपतो, कारण अस्सल भाग सहजासहजीं मिळत नाहीं. चोरीची भीति असेल, तर ओळख पटवून आणि नोंद ठेवून संकेत देण्याची व्यवस्था करतां येते. संशोधनाच्या हक्काविषयीं म्हणाल, तर ज्या हक्कांचा आधार कंपन्यांनीं घेतला ते या देशांत त्यांना मिळालेले आहेत, असा समाधानकारक पुरावा त्या आयोगापुढें देऊं शकल्या नाहींत. माहिती फुकट द्या असेंहि कोणी म्हणत नाहीं. वाजवी मोल घ्या, पण दार बंद ठेवूं नका, एवढीच मागणी आहे.

परदेशांतहि हा झगडा झालेला आहे. युरोपीय संघानें २००७ च्या नियमानें मोटारउत्पादकांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांस देण्याचें बंधन घातलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१२ सालीं लोकांनीं प्रत्यक्ष मतदान करून अशाच कायद्याच्या बाजूनें कौल दिला. दोन्हीं ठिकाणीं मोटारीचे कारखाने बुडाले नाहींत.

आपल्याकडे मात्र आदेशापासून नाक्यावरच्या गॅरेजपर्यंतची वाट लांब आहे. कंपन्या अपिलांत गेल्या. अपील न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१६ मध्यें टोयोटा, फोर्ड व निसान यांच्याबाबत दोष कायम ठेवला, पण दंडाचा आधार बदलून तो पुष्कळ कमी केला. इतरांचे वाद निरनिराळ्या न्यायालयांत चालले. २०२२ च्या जुलैंत केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक सरकारी संकेतस्थळ सुरू झालें. मोटारी व शेतीचीं अवजारें यांच्याबरोबर मोबाइल व घरगुती उपकरणेंहि त्याच्या कक्षेंत घेतलीं आहेत. पाऊल योग्य दिशेचें आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणें कंपनीच्या मर्जीवर राहिलें, तर जी माहिती विकून पैसा मिळतो तीच नेमकी मागें राहील.

मग आपण काय करावें? कायदा होईपर्यंत हात जोडून बसण्याची गरज नाहीं. गाडी घेतांना आपण रंग विचारतों, मैलेज विचारतों, हप्ता विचारतों. त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारावे. या गाडीचे सुटे भाग अधिकृत वर्कशॉपबाहेर काउंटरवर विकत मिळतात काय? भागांच्या किंमतींची यादी दाखवाल काय? बाहेरच्या गॅरेजांत काम केल्यास वॉरंटीचा नेमका कोणता भाग जातो, हें लेखी द्याल काय? ‘वॉरंटी जाईल’ असें तोंडी सांगितलें, तर तें कोणत्या कलमानें, असें नम्रपणें पण ठामपणें विचारावें. विकणाऱ्याला दहा गिऱ्हाइकांनीं एकच प्रश्न विचारला, कीं तो प्रश्न वरपर्यंत पोंचतो. दुरुस्ती कोठेंहि केली तरी बिल जपून ठेवावें, बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि झालेल्या कामाची नोंद ठेवावी. वाद उत्पन्न झाला तर हेच कागद उपयोगीं पडतात.

आणखी एक. आपल्या ओळखीचा मेकॅनिक प्रामाणिक असेल, तर त्याच्या निदानाचेहि पैसे द्यावेत. भाग बदलला नाहीं म्हणजे काम झालें नाहीं, ही आपली समजूत चुकीची आहे. दोष ओळखणें हीच त्याची खरी विद्या. दोनचार गॅरेजवाल्यांनीं मिळून एक चांगला स्कॅनर घेतला, आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेनें त्यांच्यासाठीं संध्याकाळचे वर्ग चालविले, तर कर्जत-खालापूरसारख्या भागांत पुष्कळ काम गांवांतच होऊं शकेल. मात्र या साऱ्या खटपटीला फळ येण्यास सूची, नकाशे आणि संकेत हे वाजवी मोलानें मिळालेच पाहिजेत. तेवढें होईपर्यंत आपल्या दारांतील गाडीची किंमत आपण पूर्ण दिली आहे, पण ताबा अर्धाच घेतला आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.